गुडघ्यातल्या कूर्चेची झीज मोजायची तर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कूर्चा झिजते हे सर्वांना ठाऊक असतं. ती वर्षभरात नेमकी किती झिजली, असं विचारलं की मात्र नवशिक्यांची दमछाक होते. याचं कारण आकड्यांतच आहे. गुडघ्यातली कूर्चा बहुतेक ठिकाणी दीड ते तीन मिलिमीटर जाड असते. वाटीच्या मागे ती पाच-सहा मिलिमीटरपर्यंतही जाते. आजारी गुडघ्यात ही जाडी सरासरीने वर्षाला एक ते दोन टक्क्यांनी उतरते. म्हणजे १.८ मिमी जाडीच्या भागात वर्षाला साधारण ०.०३ मिमी. आणि संशोधनासाठी घेतलेल्या उत्तम एमआरआयमधला एक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, असतो सुमारे ०.३७ मिमी रुंद. मोजायची गोष्ट आपल्या मोजपट्टीवरच्या सर्वांत लहान खुणेच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान आहे.

तरीही हे मोजता येतं, कारण आपण एका ठिकाणची जाडी मोजत नाही, हजारो ठिकाणांची सरासरी काढतो. इकडे थोडी जास्त, तिकडे थोडी कमी अशा सुट्या चुका सरासरीत एकमेकींना खोडतात. एकाच दिशेने होणारी चूक मात्र सरासरीत जशीच्या तशी उरते. हाडाच्या कडेवरची रेघ तुम्ही सगळीकडे अर्धा व्हॉक्सेल आत काढलीत, तर ०.१८ मिमीचा फरक पडला. सहा वर्षांची झीज एका सवयीत गडप झाली. म्हणून या कामात झीज मोजण्याआधी आपली स्वतःची चूक मोजायची असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: नक्की काय मोजायचंय ते ठरवा

तुम्हाला आजाराची पातळी ठरवायची आहे, की काळानुसार होणारा बदल टिपायचा आहे? पहिल्या कामाला साधा एक्स-रे आणि श्रेणी पुरते. दुसऱ्यासाठी एमआरआय आणि प्रत्यक्ष जाडी लागते. कूर्चा अजून पातळ झालेली नाही पण आतून बिघडायला लागली आहे का, हा तिसरा प्रश्न. त्यासाठी टी२ किंवा टी१-ऱ्हो मॅपिंग, गॅडोलिनियम देऊन केलेलं डीजेमरिक, सोडियम एमआरआय अशा पद्धती आहेत. त्या कूर्चेतलं पाणी, कोलॅजेनची मांडणी, प्रोटिओग्लायकॅनचं प्रमाण यांबद्दल सांगतात. झीज किती झाली ते त्या सांगत नाहीत. सुरुवातीलाच या वाटेला जाऊ नका. टी२ मॅपमध्ये तंतूंचा चुंबकीय क्षेत्राशी कोन ५५ अंशांच्या आसपास आला की निरोगी कूर्चासुद्धा आजारी दिसते, आणि हा फसवा भाग ओळखायला आधी साधी जाडी मोजण्याचा सराव असावा लागतो.

पायरी २: एक्स-रे वाचायला शिका, पण त्याच्यावर भार टाकू नका

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दिसते ती मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली फट, आणि त्या फटीवरून आपण कूर्चेचा अंदाज बांधतो. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये दिलेली ० ते ४ श्रेणी आजही सगळीकडे चालते. श्रेणी २ म्हणजे हाडाची वाढ, म्हणजेच ऑस्टिओफाइट, खात्रीने दिसतो. ३ म्हणजे फट खात्रीने अरुंद झालेली. ४ मध्ये फट जवळजवळ मिटलेली असते आणि हाडाचा आकारही बिघडलेला असतो. संशोधनात साधारणपणे २ पासून पुढच्या गुडघ्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस मानतात. म्हणजे या श्रेणीचा उंबरठा ऑस्टिओफाइटवर ठरतो, कूर्चेवर नाही. झीज मोजायला श्रेणी फार ढोबळ आहे. श्रेणी ३ मध्ये गुडघा वर्षानुवर्षं राहू शकतो आणि आत कूर्चा जातच असते.

फटीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजणं त्याहून बरं. मात्र एक्स-रे उभ्याने, गुडघ्यावर वजन असताना आणि दर वेळी त्याच ठेवणीत घेतलेला हवा. प्रचलित पद्धतीत गुडघा सुमारे २० अंश वाकलेला असतो, मांडी, वाटी आणि पायाची बोटं समोरच्या पृष्ठभागाला टेकलेली, पावलं सुमारे १० अंश बाहेर वळलेली, आणि किरण मागून पुढे, १० अंश खाली कललेला. पाय एकाच ठेवणीत राहावेत म्हणून साचे मिळतात, ते वापराच. नडगीच्या पठाराची पुढची आणि मागची कड फिल्ममध्ये जवळजवळ एकमेकींवर आली पाहिजे. त्या दोन कडांमधलं अंतर दोन भेटींत वेगळं असेल, तर फटीत दिसणारा फरक कूर्चेचा की किरणाच्या कोनाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. अशी जोडी बाजूला काढा.

ठेवण बिनचूक असली तरी एक अडचण राहतेच: फट म्हणजे नुसती कूर्चा नव्हे. त्या जागेत मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चकतीसारखी गादी, हीसुद्धा असते. ती फाटली किंवा सांध्याबाहेर सरकली की फट अरुंद होते, कूर्चा होती तेवढीच असली तरी. शिवाय दोन हाडांच्या कूर्चांची बेरीज मिळते, वेगवेगळी मापं मिळत नाहीत. स्वस्त, झटपट आणि सर्वत्र उपलब्ध म्हणून एक्स-रेची जागा पक्की आहे, तरी झीज मोजण्याचं मुख्य साधन म्हणून मी तो निवडणार नाही.

पायरी ३: मोजण्याजोगा एमआरआय मिळवा

रुग्णालयात नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेल्या एमआरआयमध्ये स्लाइस तीन-चार मिलिमीटर जाड असतात आणि मध्ये मोकळी जागाही सुटलेली असते. निदानाला ते ठीक, जाडी मोजायला नाही. जाडीसाठी त्रिमितीय सिक्वेन्स (एमआरआय घेण्याची ठरलेली पद्धत) हवा, ज्यात चरबीचा सिग्नल दाबलेला असेल किंवा फक्त पाण्याचा घेतलेला असेल. फ्लॅश, एसपीजीआर आणि डेस हे त्यातले रुळलेले. चरबीचा सिग्नल तसाच राहिला तर तो हाडाच्या कडेवर थोडा सरकून बसतो आणि कड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ दिसते.

नमुना म्हणून ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’चा डेटा बघा. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ लोकांच्या गुडघ्यांचे ३ टेस्ला यंत्रावर एमआरआय घेतले गेले. त्यातला डेस सिक्वेन्स ०.७ मिमीच्या स्लाइसचा आहे. हा डेटा संशोधकांना खुला आहे, आणि त्यातल्या ५०७ स्कॅनवर बर्लिनच्या झूज इन्स्टिट्यूटने हाडं आणि कूर्चा रेखाटून दिलेल्या आहेत. स्वतःचे रुग्ण स्कॅन करण्याआधी या डेटावर हात बसवून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

स्वतः स्कॅन करणार असाल तर दोन्ही भेटींना यंत्र तेच, कॉइल (गुडघ्याभोवती बसवायचा सिग्नल टिपणारा भाग) तीच, सिक्वेन्सच्या सेटिंग त्याच हव्यात. मध्येच सॉफ्टवेअर बदललं तर तारखेसह नोंद करा, आणि फँटमचं (माप माहीत असलेल्या चाचणी-वस्तूचं) स्कॅन ठरलेल्या अंतराने घेत राहा, म्हणजे यंत्राचीच मोजणी हळूहळू सरकते आहे का ते कळेल. आणखी एक गोष्ट सहज सुटते. कूर्चा दाबाखाली पातळ होते. उठाबशा काढल्यावर किंवा बरंच चालून आल्यावर लगेच स्कॅन केलं तर काही टक्क्यांचा फरक पडू शकतो, आणि आपण शोधतोय वर्षाची एक-दोन टक्के झीज! माणसाला आधी अर्धा तास तरी बसवून ठेवा, दोन्ही भेटी दिवसाच्या साधारण त्याच वेळी ठेवा, आणि किती वेळ बसवलं ते फॉर्मवर लिहा.

पायरी ४: नजरेने गुण देऊन बघा

रेखाटन सुरू करण्याआधी काही गुडघ्यांना मोक्स पद्धतीने गुण द्या. २०११ मध्ये आलेल्या या पद्धतीत सांध्याच्या पृष्ठभागाचे १४ भाग पाडतात. प्रत्येक भागाला कूर्चेसाठी दोन आकडे: किती क्षेत्रावर कूर्चा गेली आहे आणि त्यातली किती ठिकाणी थेट हाडापर्यंत गेली आहे. दोन्ही ० ते ३; १० टक्क्यांपेक्षा कमी, १० ते ७५, आणि ७५ च्या वर अशा पायऱ्या. यासाठी प्रोटॉन-डेन्सिटी या प्रकारच्या एमआरआयचे चरबी दाबलेले स्लाइस चांगले, कारण लहान खड्डे आणि हाडाच्या मगजातले डाग त्यांत ठळक दिसतात; डेसमध्ये ते सहज निसटतात.

या गुणांनी बारीक बदल टिपला जात नाही. पण झीज गुडघ्यात कुठे असते हे डोळ्यांत भरतं, आणि रेखाटताना कुठे थांबून दोनदा बघायचं ते कळतं. बहुतेक गुडघ्यांत ती आतल्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या मध्यभागी वजन पेलणाऱ्या पट्ट्यावर आणि त्याखालच्या नडगीच्या पठारावर सापडेल. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, म्हणजे गुडघे एकमेकांना घासतात असा, तर बाहेरच्या कप्प्यात.

पायरी ५: रेखाटन

खरं काम इथे सुरू होतं. ‘थ्रीडी स्लायसर’ आणि ‘आयटीके-स्नॅप’ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, कुठलंही एक पुरे. फाइल उघडल्याबरोबर व्हॉक्सेलची तिन्ही मापं डायकॉममधल्या, म्हणजे यंत्राने दिलेल्या मूळ फाइलमधल्या, मापांशी जुळतात का ते बघा. फाइल रूपांतरित करताना स्लाइसची जाडी हरवली की पुढचे सगळे आकडे वाया जातात.

आधी हाड आणि कूर्चा यांची सीमा काढा आणि ती उघड्या पडलेल्या हाडावरूनही पुढे न्या. जिथे एकेकाळी कूर्चा होती, तो सगळा भाग त्यात आला पाहिजे. मग कूर्चेचा वरचा पृष्ठभाग. मांडीची आणि नडगीची कूर्चा एकमेकींना टेकतात तिथे मधली रेघ बहुधा दिसतच नाही. अशा वेळी एकाच स्लाइसकडे टक लावून बसू नका. मागचे-पुढचे स्लाइस बघा, दुसऱ्या दिशेने कापलेलं चित्र उघडा, आणि पृष्ठभागाची वळण्याची चाल धरून रेघ पुढे न्या. मेनिस्कस काळा दिसतो, त्यामुळे तिथे सोपं जातं. ऑस्टिओफाइटवरही कूर्चेचं आवरण असतं. ते मोजायचं नाही, पण मूळ सांधा कुठे संपला आणि ऑस्टिओफाइट कुठे सुरू झाला याचा नियम आधीच लिहून काढा, सोबत दोन-तीन चित्रं जोडा. मांडीच्या हाडाच्या मागच्या टोकाला कुठे थांबायचं त्याचाही. मनातला नियम सहा महिन्यांत बदलतो आणि बदलल्याचं कळतही नाही.

एकाच गुडघ्याची दोन्ही स्कॅन एकाच बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून रेखाटा. मात्र कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे रेखाटणाऱ्याला कळता कामा नये. तारखा फाइलमधून काढून टाका, जोडीतला क्रम नाणेफेकीने ठरवा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. नंतरचं स्कॅन कुठलं ते माहीत असलं की प्रामाणिक माणसाची रेघसुद्धा अर्धा व्हॉक्सेल आत सरकते. मला विचाराल तर या लेखातली हीच एक गोष्ट कधीही सोडू नये अशी.

स्वयंचलित सेगमेंटेशन, म्हणजे संगणकाच्या मॉडेलने केलेलं रेखाटन, आता चांगलं चालतं, आणि वेळ खूप वाचतो. फक्त डाइस गुणांकावर भाळू नका; दोन रेखाटनं एकमेकांवर किती बसतात ते तो ० ते १ मध्ये सांगतो. समजा, खरी कूर्चा सगळीकडे २ मिमी आहे आणि मॉडेलने सगळीकडे ०.१८ मिमी कमी काढली. डाइस येतो सुमारे ०.९५, म्हणजे कुणीही खूश होईल असा. जाडीतली चूक मात्र ९ टक्के. दोन्ही भेटींना ती तेवढीच झाली तर फरकात बहुतांशी वजा होते. पण झिजलेल्या कूर्चेवर मॉडेल वेगळं वागत असेल तर? आणि झिजलेल्या गुडघ्यांचे नमुने शिकवणीच्या डेटात बऱ्याचदा कमी असतात. म्हणून मॉडेल तपासताना डाइससोबत जाडीतला सरासरी फरक चिन्हासकट बघा, तोही कमी झिजलेल्या आणि जास्त झिजलेल्या गुडघ्यांसाठी वेगळा काढून.

पायरी ६: जाडी काढताना भाजक सांभाळा

जाडी हाडाच्या पृष्ठभागाला लंब दिशेने, त्रिमितीत मोजायची. स्लाइसवर सरळ पट्टी लावून मोजलं तर जिथे पृष्ठभाग तिरका कापला गेला आहे तिथे जाडी फुगून येते.

पुढचा प्रश्न सरासरीचा, आणि तो कागदावर करून बघण्यासारखा आहे. कल्पना करा, नडगीच्या पठाराचा १००० चौरस मिमी भाग आहे. त्यातल्या ८०० वर कूर्चा २.३७५ मिमी, उरलेल्या २०० वर फक्त ०.५ मिमी. सरासरी बरोबर २ मिमी. दोन वर्षांनी त्या २०० चौरस मिमीवरची पातळ कूर्चा पूर्ण गेली, हाड उघडं पडलं. बाकी सगळं जसंच्या तसं. आता कूर्चा शिल्लक असलेल्या भागाचीच सरासरी काढलीत तर उत्तर येईल २.३७५ मिमी. झीज झाली आणि आकडा सांगतोय की कूर्चा जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढली. उघड्या हाडाची जाडी शून्य धरून पूर्ण १००० चौरस मिमीने भागलंत तर १.९ मिमी, म्हणजे ५ टक्के घट. हे खरं उत्तर. हाडाची सीमा आधी आणि पूर्ण काढायला सांगितलं ते याचसाठी. सॉफ्टवेअर यांतली कोणती सरासरी देतं हे तपासल्याशिवाय एकही आकडा पुढे पाठवू नका, आणि उघड्या हाडाचं क्षेत्रफळ वेगळं नोंदवा.

सबंध गुडघ्याची एकच सरासरीही फसवते, कारण एका कोपऱ्यातली झीज मोठ्या क्षेत्रात विरून जाते. उपभाग पाडा. आणि सगळे बदल घटच असतील असं धरून चालू नका. आजाराच्या सुरुवातीला कूर्चा काही ठिकाणी फुगते, जाड होते. काही संशोधक म्हणून प्रत्येक गुडघ्यातल्या उपभागांचे बदल सर्वांत मोठ्या घटीपासून सर्वांत मोठ्या वाढीपर्यंत क्रमाने लावतात आणि मग गट ताडून बघतात. मग झीज कुठल्या उपभागात झाली यावर निकाल अडत नाही.

पायरी ७: आपली चूक आकड्यात मांडा

तीसेक गुडघे घ्या. प्रत्येकाचं स्कॅन त्याच दिवशी दोनदा. मध्ये माणसाला टेबलावरून उतरवायचं, पुन्हा झोपवायचं, कॉइल पुन्हा लावायची. नुसतं एकच स्कॅन दोनदा रेखाटलं तर तुमच्या हाताची चूक कळते, ठेवणीची आणि यंत्राची नाही. हिशेब सोपा आहे: प्रत्येक गुडघ्याच्या दोन मापांतल्या फरकाचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, गुडघ्यांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. समजा ते ०.०३ मिमी आलं. त्याला २.७७ ने गुणा: ०.०८३ मिमी. एका गुडघ्यात याहून लहान फरक दिसला तर तो खरा बदल आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येणार नाही.

आता हे वर्षाच्या ०.०३ मिमी झिजेशेजारी ठेवा. एका माणसाचा, एका वर्षाचा निकाल द्यायला ही मोजणी अपुरी आहे. त्याच वेगाने झीज होत राहिली तर जवळजवळ तीन वर्षं थांबावं लागेल. शंभर माणसांच्या गटाची सरासरी मात्र वर्षातच बरंच काही सांगू शकते. संशोधनातलं माप तसंच्या तसं एका रुग्णाच्या रिपोर्टवर उतरवणं म्हणजे त्या माणसाला खोटी भीती किंवा खोटा दिलासा देणं आहे. रिपोर्ट वाचणारा माणूस त्या आकड्यावरून आपल्या पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधतो.

गटासाठी सरासरी बदलाला त्याच्या प्रमाण विचलनाने भागा. हे गुणोत्तर जितकं मोठं, तितकी कमी माणसं अभ्यासाला पुरतात. कुठला उपभाग निवडायचा ते यावरून ठरवा, पण डेटा हाती येण्याआधी ठरवा.

पायरी ८: आकड्याचा अर्थ लावताना

कूर्चेत मज्जातंतू नसतात. दुखणं येतं ते हाडातून, सायनोव्हियमच्या (सांध्याच्या आतल्या अस्तराच्या) सुजेतून, आजूबाजूच्या ऊतींमधून. त्यामुळे झीज आणि वेदना हातात हात घालून चालत नाहीत. स्प्रिफर्मिन या औषधाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांची कूर्चा दोन वर्षांत प्लासिबो (औषध नसलेला डोस) गटापेक्षा सुमारे ०.०५ मिमीने जाड निघाली. मोजणी इतकी नेमकी होती की हा फरक पकडला गेला. लक्षणांच्या गुणांत मात्र दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. तेव्हा वेदनेचे गुण वेगळे गोळा करा आणि कूर्चेच्या आकड्याकडून वेदनेबद्दल बोलवून घेऊ नका.

निकाल लिहिताना यंत्र, सिक्वेन्स, स्लाइसची जाडी, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सरासरीचा भाजक, क्रम लपवला होता की नाही, आणि पायरी ७ मध्ये काढलेला तुमच्या स्वतःच्या चुकीचा आकडा हे सगळं झिजेच्या आकड्याबरोबर त्याच तक्त्यात द्या. दुसऱ्याच्या लेखातली अचूकता उसनी घेऊ नका. ती त्यांच्या हातांची आणि त्यांच्या यंत्राची होती. रेखाटनाच्या फाइली, नियमांची वही आणि मूळ स्कॅन एकत्र जपून ठेवा. पुढच्या फॉलो-अपला नवा माणूस रेखाटायला बसेल, तेव्हा त्याला आधी यांतलेच दहा-बारा गुडघे द्या, आणि त्याचे आकडे जुन्यांशी जुळल्यावरच नवी स्कॅन हाती सोपवा.